ताप उतरला, तरी हृदयाला विसावा हवा

ताप उतरला, घसा मोकळा झाला, मूल पेज मागू लागले, की घरच्या माणसांचा जीव भांड्यात पडतो. तथापि काही आजारांत खरा धोका याच सुमारास उद्भवतो. हृदयाच्या स्नायूचा दाह हा त्यांपैकीच होय.

हृदय हा मुठीएवढा स्नायू दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावतो. हृदयविकाराचा झटका बहुधा रक्तवाहिनी तुंबल्यामुळे येतो. येथे मात्र स्नायूच सुजतो व दुबळा होतो. विषाणूंचा संसर्ग हे त्याचे नेहमीचे कारण. म्हणूनच धडधाकट तरुणांनाही तो गाठतो.

घटसर्प हे त्याचे दुसरे कारण. या रोगाचे जंतू घशातच राहतात, पण त्यांचे विष रक्तावाटे हृदयापर्यंत पोहोचते. घसा बरा होत असताना, बहुधा दुसऱ्या आठवड्यात, हृदय बिघडू लागते. बेरिंग व कितासातो यांनी १८९० साली या विषावरील उताऱ्याचा मार्ग दाखविला. त्याबद्दल बेरिंग यांना १९०१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हा उतारा रक्तात फिरणारे विषच निकामी करतो. स्नायूत शिरलेल्या विषापुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून एका दिवसाचा विलंबही महागात पडतो.

यापेक्षा लस बरी. बाळाला ६, १० व १४ आठवड्यांची, पुढे १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान व ५ ते ६ वर्षांची, तसेच १० व १६ वर्षांची मात्रा सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. शेवटच्या मात्रांकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते, हे आम्हास खेदाने नमूद करावे लागते.

तापानंतर दम लागणे, छातीत दुखणे वा धडधडणे, घेरी येणे, पावले सुजणे, तान्ह्याने दूध टाकून जलद श्वास घेणे, ही लक्षणे अशक्तपणाची समजून घरी बसू नये. तत्काळ डॉक्टरांकडे जावे. हृदयाचा आलेख व रक्ततपासणी यांवरून बरेच कळते.

पुष्कळ रोगी पूर्ण बरे होतात. मात्र त्यासाठी विश्रांती अत्यावश्यक आहे. जड श्रम व खेळ सामान्यतः ३ ते ६ महिने वर्ज्य सांगतात. पेरणी तोंडावर आली असली, तरी डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत रोग्याच्या हाती नांगर वा डोक्यावर घागर देऊ नये, अशी कुटुंबातील वडीलधाऱ्यांना आमची आग्रहाची विनंती आहे.