आजीचा आवाज कुणाच्या फोनमध्ये आहे?

पोथी, कॅसेट, फोटोचा अल्बम, गाइड... सगळं आता खिशात मावतं. सोय झाली, यात वादच नाही. पण जी वस्तू अख्ख्या घराची होती, ती आता एकाच्या पासवर्डमागे गेली आहे. त्याचं काय करायचं?

मेहकरात वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) आपल्या जिल्ह्याचे. त्यांची 'शीळ' ही कविता १९३०च्या दशकात गायक जी. एन. जोशी यांनी गायली, तिची तबकडी निघाली आणि ती महाराष्ट्रभर वाजली. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना या तबकडीचं नाव आजही सुरुवातीलाच घेतलं जातं.

त्या काळातली तबकडी लाखेची असायची. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं एक गाणं. हातातून पडली की फुटली. ग्रामोफोनला चावी द्या, सुई बदला, असा सगळा सरंजाम. तो गावात एखाद्याच घरी असायचा. म्हणून गाणं लागलं की ते एका घराचं राहायचं नाही, ओसरीवर बसलेल्या सगळ्यांचं व्हायचं.

आज मेहकरच्या एसटी स्टँडवर बसून तेच गाणं फोनवर शोधा. बस फलाटाला लागायच्या आत सापडेल. पैसे नाहीत, सुई नाही, फुटायची भीती नाही. फक्त इअरफोन कानात असतील, तर आपण काय ऐकतोय हे शेजारच्याला कळणारही नाही.

'तेव्हा किती छान होतं' असलं रडगाणं इथे गायचं नाही. तेव्हा बहुतेकांकडे काहीच नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. प्रश्न वेगळा आहे. वस्तूची फाईल झाली, तेव्हा त्या वस्तूसोबत आणखी काय काय घरातून गेलं?

कार्ड भरून देण्याचे दिवस

आता पंचविशी-तिशीत असलेल्यांनी सगळ्या पायऱ्या पाहिल्या आहेत. लहानपणी घरात कॅसेट होती. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची. ट्रॅक्टरवरचा टेप आणि काळीपिवळीतला टेप यांच्यात आवाजाची स्पर्धा असायची. मग सीडी आली. मग आलं मेमरी कार्ड आणि त्यासोबत 'कार्ड भरून मिळेल' अशी पाटी. मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपये द्यायचे आणि 'जुनी टाक, नवी टाक, थोडे अभंग टाक' म्हणायचं. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर जे असेल, ते गावभर वाजायचं. लग्नातही तेच, पोळ्यालाही तेच.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ही पाटी बघता बघता दिसेनाशी झाली. आता कुणी कार्ड भरत नाही. गाणं आपल्याकडे नसतंच. ते कुठेतरी दूरच्या सर्व्हरवर असतं आणि आपण ते तेवढ्यापुरतं मागवतो.

कॅसेटचा एक गुण मात्र आपण विसरलो. ती कपाटात दिसायची. बापाला कोणती गाणी आवडतात, आईने माहेराहून कोणती भजनं आणली, हे पोरांना न विचारता कळायचं. आज वडिलांच्या फोनमध्ये कोणती गाणी आहेत, ठाऊक आहे? आणि तुमच्यातली, वडिलांना?

'पोथीच हाये व आजी'

'काऊन रे, पोथी वाचतं का मोबाईल पाह्यतं?'

'पोथीच हाये व आजी, मोबाईलमधी!'

शेगाव परिसरातल्या घरांना ही जुगलबंदी नवी नाही. दासगणू महाराजांच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथाचे २१ अध्याय. अनेक घरांत ही पोथी कापडात बांधून देवघरात ठेवलेली असते. तिच्या पानांना हळदीचे डाग असतात, मध्येच एखादं सुकलेलं बेलपान असतं. कुठे कोऱ्या पानावर लेकरांच्या जन्मवेळा लिहिलेल्या असतात. पोथी सासूकडून सुनेकडे जाते. 'ही कुणाची?' या प्रश्नाला उत्तर एकच, 'घरची'.

आता तीच पोथी पीडीएफ आहे, ॲप आहे, ऑडिओ आहे. आणि इथे फोनने एक काम भारी केलं, ते मान्य करावंच लागेल. व्हॉट्सॲपवर महापारायणाचे गट तयार झाले. एका गटात २१ जण, प्रत्येकाकडे एक अध्याय. गुरुवारी ज्याने त्याने आपला अध्याय वाचायचा आणि गटावर 'झाला' असं कळवायचं. सगळ्यांचे झाले की एक पारायण पूर्ण. गावातली काकू, पुण्यातली तिची लेक आणि परदेशात गेलेला भाचा एकाच पोथीवर वाचतात. एवढी मोठी ओसरी कुठल्याच वाड्याला नव्हती.

म्हणजे फोन माणसाला एकटंच पाडतो, असं काही नाही. वाटून घ्यायचं ठरवलं, तर फोनवरही वाटता येतं. मात्र ते ठरवावं लागतं. पोथी देवघरात नुसती ठेवली तरी सगळ्यांना दिसते. फाईल तशी दिसत नाही.

टॅब मिळाला, तरी झेरॉक्सची रांग

अभ्यासाचं बघा. नागपूरची 'महाज्योती' संस्था इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी टॅब देते, रोजचा ६ जीबी डेटा देते, ऑनलाइन शिकवते. क्लाससाठी अकोला, लातूर किंवा थेट कोटा गाठायचं आणि खोलीभाडं, मेस, फी असा खर्च काढायचा, हे ज्या घराला झेपत नाही, तिथे तो टॅब म्हणजे खेळणं नसतं. ते दार असतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफमध्ये फुकट आहेत. पुस्तक नाही म्हणून अभ्यास अडला, हे कारण बरंच मागे पडलं.

तरीही कुठल्याही कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात परीक्षेच्या आधी जाऊन उभे राहा. पोरं टेलिग्रामवरच्या पीडीएफ पेनड्राइव्हमध्ये घेऊन येतात, 'पाठपोट काढा' म्हणतात, स्पायरल मारून घेतात. पोलीस भरतीवाला असो की एमपीएससीवाला, चालू घडामोडी फोनवर आणि मुख्य अभ्यास कागदावर, अशी विभागणी अनेकांनी आपली आपणच करून टाकली आहे.

यामागे नुसती सवय नाही. २०१८ मध्ये संशोधकांनी ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक होते. तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजला, पडद्यावर वाचणाऱ्यांना थोडा कमी. माहितीपर मजकूर आणि वेळेचं बंधन असेल, तेव्हा हा फरक जास्त जाणवला. गोष्टी वाचताना तो दिसला नाही. म्हणजे कादंबरी खुशाल फोनवर वाचा, पण राज्यघटनेचं प्रकरण कागदावर घ्या.

कागदाचा आणखी एक फायदा आहे. वरच्या वर्गातल्या पोराचं गाइड अर्ध्या किमतीत मिळायचं आणि त्यासोबत त्याने पेन्सिलने केलेल्या खुणा फुकट मिळायच्या. 'हे येतंच', 'हे सोड', 'सरांनी तीनदा सांगितलं'. पीडीएफ हजार जणांना पाठवता येते, पण आपल्या खुणा तिच्यात सहसा जात नाहीत.

लोणारचं पाणी आणि गॅलरीतला पूर

जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर अचानक गुलाबी झालं. लॉकडाऊनचे दिवस, बाहेरून येणं कठीण. पण काठावरच्या फोनमधले फोटो काही तासांत जगभर गेले. पुढे तपासणीत कळलं, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर दर्जाही मिळाला. फोटोसाठी स्टुडिओवाल्याला बोलवायचे दिवस असते, तर हा रंग किती जणांना दिसला असता?

आता वाईट बाजू. त्या महिन्यात काढलेल्या शेकडो फोटोंपैकी आज किती सापडतील? फोन बदलला, पॅटर्न विसरला म्हणून दुकानात नेऊन फॉरमॅट मारला, मेमरी कार्ड करप्ट झालं, 'स्टोरेज फुल' आलं म्हणून एका रात्री सगळं उडवलं. घरोघरी हेच. आजोबांच्या लग्नाचा एकच फोटो असतो आणि तो साठ वर्षं भिंतीवर टिकतो. आपल्या वाढदिवसाचे दोनशे असतात आणि दोन वर्षांनी एकही हाती लागत नाही.

विकत घेतलं, ते कुणाचं?

हा घोळ आपल्यापुरता नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने किंडलवर लोकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं हक्काच्या वादामुळे दूरूनच पुसली. पैसे परत दिले, माफीही मागितली. पण घरातलं पुस्तक रात्रीतून कुणी काढून नेऊ शकतं, हे लोकांना पहिल्यांदा कळलं. ऑर्कुट आठवतं? ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झालं. ज्यांनी वेळेत फोटो उतरवून घेतले नाहीत, त्यांचे गेले. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले विंट सर्फ यांनी २०१५ मध्ये जाहीर सल्ला दिला होता, की ज्या फोटोंवर खरंच जीव आहे, ते छापून ठेवा. ज्याने इंटरनेट घडवलं, तोच छापा म्हणतोय!

आणि गूगलचा एक नियम बऱ्याच जणांना माहीतच नाही. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की सलग दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं, त्यातल्या फोटोंसकट. घरातलं कुणी गेलं, फोन कपाटात पडला, पासवर्ड कुणालाच माहीत नाही... आता दोन वर्षं मोजा. माणसासोबत त्याने टिपलेलं सगळं जातं. पोथीच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं.

एक लाख ओव्या वाचल्या कशा?

हे थांबवता येतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. त्या कागदावर उतरवल्या गेल्या. त्यातल्या काही टेपवर ध्वनिमुद्रित झाल्या. पुढे हा सगळा ठेवा डिजिटल झाला आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' म्हणजे 'परी'च्या संकेतस्थळावर येऊ लागला. आज कुणीही फोनवर त्या ओव्या ऐकू शकतो.

हे जमलं, कारण ओवी कुणाची, कोणत्या गावची, हे तिच्यासोबत लिहून ठेवलं होतं आणि ती एकाच जागी ठेवली नव्हती. फोन तोच, इंटरनेट तेच. फरक नोंदीचा आहे.

आपल्या घरातही एखादी आजी असते. पेरणीची, पुराची, पायी केलेल्या वारीची गोष्ट सांगणारी. कुणीतरी ती एकदा रेकॉर्ड केलेली असते. फाईलचं नाव 'ऑडिओ ००३७' असतं. ती त्या एकाच फोनमध्ये असते आणि आजीच्या तेराव्याला सगळे विचारतात, 'अरे, तो आवाज कुणाकडे होता?'

या रविवारी एवढं करा

• फाईलला नाव द्या. 'आजी, पेरणीची गोष्ट, मे २०२४' एवढं पुरे. नाव नसलेली फाईल असून नसल्यासारखी.

• दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत फोनबाहेर, म्हणजे पेनड्राइव्हवर किंवा भावाबहिणीच्या फोनमध्ये. घरच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे जपणं नव्हे, तिथे ते गुड मॉर्निंगखाली गाडलं जातं.

• वर्षाला दहा फोटो छापा. मागे पेनने नाव आणि साल लिहा. स्टुडिओवाल्यालाही काम मिळेल.

• गूगल खात्यात 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' शोधा. खातं बंद पडलं तर त्यातलं कुणाला मिळावं, त्याचं नाव तिथे देता येतं. आई-वडिलांच्या खात्यातही त्यांना विचारून, त्यांच्यासोबत बसून हे करा.

• एक गाणं स्पीकरवर लावा. इअरफोन काढा. जेवणाच्या वेळी वडिलांना विचारा, 'तुमचं कोणतं लावू?' आणि ते सांगतील ते लावा, तुम्हाला आवडो न आवडो.