न थांबणारी पेटी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर होडी वाळूत ओढून घ्यावयाची असली, म्हणजे अनेक माणसे तिला खांदा देतात. सर्वांनी एकदम जोर लावला की होडी पुढे सरकते; जोर थांबला की तीही थांबते. हे दृश्य नित्य पाहणाऱ्या मुलास वाटते, की बल संपले म्हणजे गतीही संपते. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याचाही समज जवळजवळ असाच होता, आणि तो शतकानुशतके टिकून राहिला.

इटलीतील गॅलिलिओ (१५६४–१६४२) याने त्या समजुतीस धक्का दिला. उतरत्या फळीवरून गोळे सोडून त्याने गतीचा अभ्यास केला व असा विचार मांडला, की मार्गात अडथळाच नसेल, तर सपाट जागी चालणारा गोळा चालतच राहील. पुढे १६८७ साली न्यूटनने आपल्या ग्रंथात गतीचे नियम सांगितले. होडी थांबते ती जोर संपला म्हणून नव्हे, तर वाळूचे घर्षण तिला अडविते म्हणून.

परंतु घर्षण मुळीच नाही, अशी जागा शाळेने कोठून आणावी? येथे संगणक साहाय्यास येतो. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील आभासी प्रयोग विनामूल्य असून कित्येक मराठीतही आहेत. एका प्रयोगात पडद्यावरील माणूस ५० किलोग्रॅमची पेटी ढकलतो. घर्षण पुरेसे असले, तर ५० न्यूटन बलाने पेटी जागची हलत नाही. घर्षण शून्य केले, की तेच बल तिचा वेग प्रत्येक सेकंदास सेकंदाला १ मीटर इतका वाढविते. मग हात काढून घेतला, तरी पेटी त्याच वेगाने जात राहते!

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. ही पेटी न्यूटनचे नियम पाळते, कारण माणसानेच ते तिच्यात घातले आहेत. नियम खरा की खोटा, याचा निवाडा पडदा करीत नाही. तो निसर्गच करतो. म्हणून पडद्यावर जे पाहिले, ते घेऊन पुन्हा किनाऱ्यावर जावे. होडीखाली गोल ओंडके घातले, तर ती ओढावयास किती माणसे पुरतात, हे मोजून पाहावे. संगणक कल्पनेला डोळे देतो. खरी परीक्षा मात्र वाळूवरच होते.