पितळेच्या पोटातला ताण
(लेखमाला : धातू आणि मिश्रधातू – लेखांक ७)

जबलपुरात नुसतं ‘फॅक्टरीत नोकरीला आहेत’ असं सांगून भागत नाही. कोणत्या, असा प्रश्न येतोच. तोफगाड्यांची जीसीएफ १९०४ पासूनची. खमरियाची दारूगोळ्याची निर्माणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. लष्करी ट्रकांची व्हीएफजे १९६९ची, आणि तिच्यामागून आली ग्रे आयर्न फाउंड्री. तोफेचं पोलाद, काडतुसाचं पितळ आणि ओतीव बीड अशा तीन घराण्यांचे मिश्रधातू एकाच गावात नांदताना फार ठिकाणी दिसत नाहीत.

मागच्या लेखांत आपण कशात काय मिसळलं की कोणता गुण येतो ते पाहिलं. त्यावरून वाचकाचा असा समज होऊ शकतो की घटकांची टक्केवारी कळली म्हणजे धातू कळला. तो समज आज मोडायचा आहे. त्यासाठी खमरियातल्या पितळेइतकं चांगलं उदाहरण नाही.

काडतुसाची पुंगळी ज्या पितळेची करतात त्यात ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. हे प्रमाण सहज आलेलं नाही. साधारण ३५ टक्क्यांपर्यंत जस्त तांब्याच्या स्फटिकरचनेत विरघळून बसतं आणि पितळ मऊ राहतं. त्यापुढे एक वेगळी, कडक रचना तयार होऊ लागते आणि थंड अवस्थेत धातू ओढणं अवघड होतं. ३०च्या आसपास ताकद आणि तन्यता या दोन्ही गोष्टी एकदम पदरात पडतात, आणि पुंगळीला दोन्ही लागतात. बार उडताच तिने क्षणभर फुगून बंदुकीच्या घराला घट्ट चिकटायचं, म्हणजे वायू मागे येत नाही. आणि लगेच आकसून सुटायचं, म्हणजे ती बाहेर काढता येते.

पितळेच्या चकतीची आधी वाटी होते. ती साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांब नळी करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होत जातं, म्हणून मधेमधे भट्टीत तापवून मऊ करावं लागतं. शेवटी तोंड आवळून मान काढतात. इथेच गोम आहे. या शेवटच्या आवळण्याने धातूच्या पोटात ताण साठतो. बाहेरून काही दिसत नाही, माप बरोबर भरतं, रासायनिक तपासणीतही पितळ शंभर नंबरी ठरतं.

इंग्रजी अमलात हिंदुस्थानातल्या लष्कराला याचा विचित्र अनुभव आला. पावसाळ्यात साठवून ठेवलेल्या काडतुसांच्या मानेला आपोआप चिरा जायच्या. न वापरलेली, कोणी हात न लावलेली काडतुसं! खरा गुन्हेगार होता घोड्यांचा तबेला, कारण काडतुसं तिथेच साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसायचा आणि तांब्याशी संयोग पावून स्फटिककणांच्या सीमा पोखरायचा. आतला ताण त्या सीमा उघडायला टपलेलाच असे. पाऊस ओसरला की हा उपद्रवही कमी व्हायचा, म्हणून याला ऋतूशी जोडलेलं नावच पडलं : ‘सीझन क्रॅकिंग’. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१मध्ये याचा नीट उलगडा केला. नुसता ताण असेल तर पुंगळी वर्षानुवर्षं शाबूत राहते, नुसत्या अमोनियाने फार तर डाग पडतो. दोन्ही एकत्र आले की चीर ठरलेली.

उपाय इतका सोपा की हसू यावं. तयार पुंगळी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसला काही वेळ तापवायची. एवढ्या उष्णतेत पितळेचा कडकपणा जवळपास तसाच राहतो, पण ताण सैलावतो. मानेला थोडी जास्त आच देतात. अनेक लष्करी काडतुसांच्या मानेशी दिसणारी निळसर-तपकिरी झाक हा त्या आचेचाच डाग असतो. ताण गेला की नाही, हे पाहायला नमुना मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवतात. ताण उरला असेल तर थोड्याच वेळात चीर दिसते.

म्हणजे आतला ताण वाईटच का? मुळीच नाही. ‘धनुष’ ही १५५ मिलिमीटरची तोफ जबलपूरच्या जीसीएफमध्ये तयार होते. पहिल्या तोफा एप्रिल २०१९मध्ये लष्कराकडे गेल्या. तिच्या नळीची लांबी व्यासाच्या ४५ पट, म्हणजे जवळजवळ सात मीटर. अशा नळ्यांचं पोलाद निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं, पाणी देऊन नंतर पुन्हा तापवून चिवट केलेलं असतं. तरी गोळा सुटताना आतला दाब तीन हजार वातावरणांच्या वर जातो. म्हणून मोठ्या तोफांच्या नळीत कारखान्यातच मुद्दाम प्रचंड दाब देतात. आतला थर कायमचा रुंदावतो, बाहेरचा नुसता ताणला जातो. दाब काढला की बाहेरचा थर मागे येऊ बघतो आणि आतल्याला आवळून धरतो. लोहार चाकावर तापलेली धाव चढवतो आणि ती निवताना लाकूड आवळते, तसंच हे. पूर्वीच्या तोफांवर तर खरोखरच तापलेली कडी चढवत. गोळा सुटला की वायूचा बराचसा जोर हे आवळणं फेडण्यातच जातो आणि नळीला तडा जायचं टळतं.

पितळेतला ताण फाकवणारा, नळीच्या आतल्या थरातला दाबणारा. माझ्या मते धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात टक्केवारीच्या कोष्टकाआधी हे शिकवायला हवं.

आता थोडं घरचं. न्हाणीघरातल्या पितळी नळाचा नट काहीही कारण नसताना उभा चिरलेला दिसला, तर तोही बहुधा याच रोगाचा बळी असतो. अशा वस्तू अमोनिया असलेल्या काचपुशीच्या द्रवाने पुसू नका, आणि बसवताना पान्याने गरजेपेक्षा जास्त आवळू नका. बिडाकडे पुढच्या आठवड्यात वळू.