‘कशावरून?’

“मॅडम, आजी बरोबर बोलतायत. त्यांच्याकडे हिशोब आहे. आपल्याकडे काय आहे?”

पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत, देवळाच्या ओट्यावर, पंचवीस-तीस बायकांसमोर माझ्याच विद्यार्थिनीने मला हे विचारलं. खरं सांगते, क्षणभर मला तिचा रागच आला.

मी महाडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम माझ्याकडे असल्यामुळे दर हिवाळ्यात मुलामुलींबरोबर सात दिवस एखाद्या गावात मुक्काम असतो. दिवसा श्रमदान, संध्याकाळी आरोग्यावर व्याख्यान. त्या दिवशी विषय होता विंचूदंश. आपल्याकडे भातकापणीच्या दिवसांत पेंढ्यात, लाकडाच्या मोळीत, दगडाखाली विंचू हमखास. “मांत्रिकाकडे जाऊ नका, दवाखान्यात जा,” असं मी ठासून सांगत होते. बायका माना डोलवत होत्या. तेवढ्यात एक आजी म्हणाल्या, “बाय, तुझं खरं असंल. पण आमच्याकडं धा जणांना चावला तर नऊ जणांचा उतरतो की! डोळ्यानं बघितलंय.” त्यावर माझ्या विद्यार्थिनीचा तो प्रश्न.

रात्री सतरंजीवर पडल्यापडल्या माझ्या लक्षात आलं, की पोरगी चुकली नव्हती. आजी पुराव्याने बोलत होत्या, मी मात्र अधिकाराने. वर्गात मी मुलांना विज्ञान शिकवते म्हणते, म्हणजे समीकरणं पाठ करून घेते. ‘हे कशावरून?’ असं विचारायला कधी शिकवलं होतं?

सकाळी व्याख्यानांचे कागद बाजूला ठेवले. म्हटलं, चला, आपणही मोजू या. मुलांनी मिळून एक प्रश्नावली केली. घरात कुणाला विंचू चावला? रंग कोणता होता? नुसतं दुखलं, की दरदरून घाम आला, उलटी झाली, हातपाय गार पडले? आधी कुठे नेलं? दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला? पुढे काय झालं?

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. आमच्या भित्तिपत्रकावर मी भलामोठा काळा विंचू काढून घेतला होता, खाली ‘सावधान!’. एक आजोबा हसले. “ही तर इंगळी! ही दुखवती नुसती. मारतो तो बारका, तांबडा.” पुस्तकं उघडून बघितली, तर आजोबांचंच बरोबर. जाडजूड नांग्यांची काळी इंगळी सहसा वेदनेवरच थांबते. बारीक नांग्यांचा, जाड शेपटीचा लाल विंचूच जिवावर उठतो. भित्तिपत्रक मुलांसमोरच बदललं.

ज्या माणसाने लाल विंचवाचं हे कोडं सोडवलं, तो तर आमच्याच तालुक्यातला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्या काळी लाल विंचवाचं विष अंगात भिनलेल्या शंभर गंभीर रुग्णांतले तीस-चाळीस दगावत. हाताशी यंत्रं नव्हती. मग हा डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास बघत आणि लिहून ठेवत राहिला. त्यातून कळलं, की या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तदाब भडकतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. १९८२ साली त्यांची ही निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे रक्तदाबावरच्या ‘प्राझोसिन’ या साध्या गोळीचा त्यांनी वापर केला आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एखाद्यावर आलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचीही या कामात साथ होती. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मुलांना मी त्याच्याही पुढची गोष्ट सांगितली. २०११ साली त्यांचा आणखी एक अभ्यास ‘बीएमजे’ या ब्रिटिश नियतकालिकात आला. विंचूदंशाचे ७० रुग्ण. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिविष लस. कुणाला काय मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हतं, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. लसवाल्यांपैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवाल्यांपैकी ८.

मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “पण मॅडम, गोळीनं माणसं वाचत होती ना? मग पुन्हा कशाला एवढा खटाटोप?”

मी काही बोलायच्या आत ती मुलगीच म्हणाली, “अरे, स्वतःच्या औषधालाही त्यांनी ‘कशावरून’ विचारलं.”

मैत्रिणींनो, वर्षभराच्या तासांत मला जे जमलं नव्हतं, ते त्या ओट्यावर झालं.

चार दिवसांत प्रश्नावल्या भरल्या. आमचे आकडे मी इथे देत नाही. दोन वाड्यांचा हिशोब म्हणजे तालुक्याचा हिशोब नव्हे, हेही मुलं याच कामात शिकली. पण एक गोष्ट दिसली. ज्यांचा विंचू ‘उतरला’, त्यांच्यात बहुतेकांना नुसती वेदना झाली होती. घाम नाही, उलटी नाही, हातपाय गार नाहीत. ते काही न करताही बरे झाले असते. म्हणजे आजींचे नऊ खरे होते. प्रश्न होता दहाव्याचा.

शेवटच्या रात्री कागद लावताना ती मुलगी गप्प होती. मग म्हणाली, “मॅडम, आपण फक्त जिवंत माणसांना विचारलं. गेलेल्यांचा कागद कोण भरणार?” आणि तिने पिशवीतून एक भरलेली प्रश्नावली काढली. रंग : तांबडा. घाम : होय. उलटी : होय. हातपाय गार : होय. आधी कुठे नेलं : मांत्रिक. दवाखान्यात पोचायला लागलेला वेळ : पोचले नाहीत.

कागद तिच्या वडिलांचा होता. ती तेव्हा सहा वर्षांची. मांत्रिकाला बोलवायला गेली होती तिची आई.

मला धास्ती वाटली. आपण शिकवलेल्या विज्ञानाने त्या माउलीच्या डोक्यावर नवऱ्याच्या मरणाचं ओझं तर नाही ना ठेवलं? शिबिर संपल्यावर तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. आईने चहा ठेवला. लेकीने सगळं सांगितलं. त्या बराच वेळ चुलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला वाटायचं, माझंच नशीब खोटं. तवा कुणी सांगितलंच नाय, मॅडम. गोळी हाय हे ठावं असतं तर मी त्यांना पाठीवर घिऊन पळाली असते.” आणि लेकीकडे वळून, “आता तू सांग सगळ्यांना.”

दोघींच्या परवानगीनेच, नाव न घेता, मी हे लिहिते आहे. आता त्या स्वतःच वाडीतल्या बायकांना सांगतात. विंचू चावला की बांधू नका, कापू नका. दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले तर एक मिनिट दवडू नका, १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा. लहान मुलाला चावला तर लक्षणांची वाटच बघू नका. गोळी घरी देऊ नका, ती डॉक्टरांनी रक्तदाब बघतच द्यायची असते. मांत्रिकाशी त्या भांडत नाहीत. “त्यांनाबी गाडीत घ्या, वाटंत मंतर म्हणू द्या,” म्हणतात!

गेल्या हिवाळ्यात त्याच ओट्यावर आम्ही पुन्हा बसलो होतो. मी काहीतरी सांगायला लागले, तोच आजींनी हात वर केला.

“थांब बाय. हे कशावरून?”

वाडी हसली. मी कागद काढले.