हवाई बंदुकीवरील दुर्बिणीची निवड

आगाशी, निर्मळ, अर्नाळा या वसई-विरारच्या पट्ट्यात केळी, फुले व भाजीपाला यांच्या वाड्या आहेत. पिकावर पाखरांचा उपद्रव सुरू झाला म्हणजे छऱ्याची हवाई बंदूक व तिच्यावर दुर्बीण घ्यावी, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. अशी खरेदी करण्यापूर्वी तिचा हेतू निश्चित करणे अगत्याचे आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये पोपटासारख्या पक्ष्यांना संरक्षण आहे. पिकाची नासाडी होते म्हणून त्यांना आपल्या मर्जीने मारता येत नाही. पाखरांसाठी जाळी व चकाकणारी फीत हेच उपाय योजावेत. हवाई बंदुकीचा योग्य उपयोग म्हणजे नेमबाजीचा सराव होय. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे 4.5 मि.मी.पर्यंत व्यासाच्या व 20 ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाही. याहून मोठी बंदूक परवान्याविना घेऊ नये.

स्पर्धेसाठी दुर्बीण नको

दहा मीटर हवाई रायफलीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दुर्बिणीस मनाई आहे. तेथे बारीक छिद्रातून नेम धरावा लागतो. लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने 2022 साली कैरो येथे या प्रकारातील जागतिक अजिंक्यपद मिळविले, ते दुर्बिणीवाचूनच. यास्तव ज्या मुलास स्पर्धेत उतरावयाचे आहे, त्याच्या पालकांनी दुर्बिणीवर पैसा खर्च करू नये. केवळ हौसेच्या सरावासाठी दुर्बीण घ्यावयाची असल्यास पुढील गोष्टी पाहाव्यात.

धक्का सोसण्याची क्षमता

स्वस्त हवाई बंदुका बहुधा स्प्रिंगच्या असतात. घोडा ओढताच आतील दट्ट्या वेगाने पुढे जातो व बंदूक मागे रेटली जाते. दट्ट्या टोकाशी थांबताच बंदुकीस उलट, म्हणजे पुढे, हिसका बसतो. दारूच्या बंदुकीची दुर्बीण मुख्यतः एकाच दिशेचा धक्का सोसण्यासाठी बनविलेली असते. या दुहेरी धक्क्याने तिची भिंगे सैल होतात व नेम टिकत नाही. म्हणून स्प्रिंगच्या हवाई बंदुकीसाठीच बनविलेली दुर्बीण मागून घ्यावी. तिच्या पकडीस मागे सरकू न देणारी अटकावाची खीळ असावी.

जवळचे स्पष्ट दिसणे

मोठ्या रायफलीच्या दुर्बिणी बहुधा 100 यार्डांसाठी जुळविलेल्या असतात. हवाई बंदुकीचा सराव 10 ते 30 मीटरांवर चालतो. इतक्या जवळ तसल्या दुर्बिणीतून लक्ष्य धूसर दिसते आणि डोळा किंचित हलताच आतील फुली लक्ष्यावरून सरकते. याकरिता 10 यार्डांपर्यंत जुळविता येणारी दुर्बीण निवडावी. दुकानातच तिची परीक्षा होते. दुर्बीण मेजावर पक्की टेकवून दहा मीटरांवरील खूण पाहावी व डोके वरखाली हलवावे. फुली खुणेवर स्थिर राहिली, तर दुर्बीण योग्य समजावी.

वर्धनशक्ती बेताची असावी

दुर्बिणीवरील 4×32 या अंकांत पहिला अंक वर्धनशक्तीचा व दुसरा पुढील भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा असतो. वर्धनशक्ती वाढली म्हणजे दिसणारा परिसर आकुंचित होतो आणि हाताचा कंपही मोठा दिसू लागतो. नवशिक्यास चारपट पुरेशी आहे. अधिक हवी असल्यास 3 ते 9 पट बदलणारी घ्यावी. दिवसाच्या सरावास 32 ते 40 मि.मी.चे भिंग पुरते.

नेम जुळविणे व निगा

बंदूक मऊ आधारावर ठेवून प्रथम पाच छरे मारावेत आणि त्यांच्या पुंजक्याचा मध्य पाहून मगच चकत्या फिरवाव्यात. पाव मिनिटाच्या एका खटक्याने दहा मीटरांवर छर्रा सुमारे 0.7 मि.मी. सरकतो, म्हणजे 14 मि.मी.ची चूक सुमारे वीस खटक्यांनी दुरुस्त होते.

किनाऱ्यावरील खारी हवा व पावसाळ्यातील ओल यांमुळे भिंगांवर बुरशी धरते. म्हणून नायट्रोजन भरून बंद केलेली दुर्बीण पसंत करावी. ती दमट कापडी पिशवीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. सूर्याकडे तिच्यातून कदापि पाहू नये.

सुरक्षितता

दुर्बिणीतून पाहणाऱ्यास लक्ष्याच्या बाजूने येणारे मूल दिसत नाही. वसईच्या वाड्यांत घरे, विहिरी व पायवाटा जवळजवळ आहेत. सरावाच्या वेळी एका प्रौढ माणसाने केवळ पहारा करावा. लक्ष्यामागे वाळूने भरलेली पेटी असावी. दगडी भिंतीवरून छर्रा उलटतो व डोळा जाऊ शकतो. म्हणून सर्वांनी संरक्षक चष्मा लावावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सल्ला विचारण्यास आलेल्या शेतकऱ्यास प्रथम हेतू विचारावा. पाखरांसाठी असल्यास जाळीचा मार्ग दाखवावा, स्पर्धेसाठी असल्यास दुर्बीण नको म्हणून सांगावे व हौसेसाठी असल्यास वरील परीक्षा करूनच ती घेण्यास सुचवावे.