उजनीच्या काठाने कयाक : पाण्यात उतरण्याआधी एवढं माहीत असू द्या

खर्डा : मोबाईलवर कयाकचे व्हिडिओ बघून आपल्या भागातल्या पोरांनाही पाण्याची ओढ लागली आहे. पण जामखेड तालुका पडला अवर्षणाचा. भूतवडा, मोहरी, खैरी हे तलाव पाऊस झाला तर भरणार, आणि भरले तरी ते पाणी आधी पिण्याचं नि शेतीचं. भूतवड्यावर तर जामखेडची तहान भागते. त्यामुळे काठाकाठाने निवांत वल्हवायचं तर जवळचं मोठं पाणी म्हणजे उजनीचा फुगवटा. जामखेड, कर्जत, राशीन करत खेडजवळ भीमेचा पूल ओलांडला की भिगवण. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास.

कयाक म्हणजे एक-दोन माणसांची अरुंद, हलकी होडी. पाय पुढे लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावी-उजवीकडे आलटून पालटून मारायचं. कनू त्याहून उघडी असते, तिचं वल्हं एकाच पात्याचं. दोन्हींत जोर दंडाचा नाही, कमरेचा. नुसत्या हातांनी ओढणाऱ्याचे खांदे अर्ध्या तासात भरून येतात.

उजनीवर पर्यटकांना फिरवतात ते बहुतेक मच्छीमार, स्वतःच्या होडीतून. कुंभारगाव, डिकसळ भागात हिवाळ्यात पहाटेपासून गाड्या लागतात. पट्टकादंब, चित्रबलाक, कुरव दिसतात. पाणी ओसरून दलदल उघडी पडली की रोहित म्हणजे फ्लेमिंगो उथळ पाण्यात चरतात. कयाकला इंजिन नाही, त्यामुळे आवाज नाही आणि पक्षी लवकर बुजत नाहीत. म्हणून अगदी जवळ जायचं असं मात्र नाही. थव्याने माना वर केल्या, चरणं थांबवून सगळे एका दिशेला चालू लागले, की वल्हं थांबवावं. फोटोसाठी थवा उठवणाऱ्याला खरं तर परत पाठवायला पाहिजे.

या धरणाचा काठ एका जागी राहत नाही, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला कळत नाही. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. बातमीत ‘उजनी मायनसमध्ये’ असं येतं तेव्हाही पाणी असतंच, फक्त काठ लांब आत सरकलेला असतो. मधे उरतो गाळ. वरून सुकलेला दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. उतरायचं ते मच्छीमारांच्या होड्या लागतात तिथेच. पाण्याखाली जुन्या गावांच्या भिंती, झाडांची खोडं आहेत. पळसदेवचं जुनं मंदिर तर पाणी खाली गेलं की बाहेर येतं. शिवाय मासेमारीची जाळी. त्यात वल्हं अडकलं तर हिसका मारू नये. होडी कलंडते, आणि जाळं फाटलं तर एखाद्याच्या पोटावर पाय.

सगळ्यात दुर्लक्षित धोका म्हणजे शेतकऱ्यांच्या मोटारी. पाणी मागं हटेल तसं मोटारी पुढं न्याव्या लागतात, केबलला जोड द्यावे लागतात. जोड कुठं चिखलात, कुठं थेट पाण्यात. शेतकऱ्याला आपली केबल कुठून गेली ते ठाऊक असतं, पाहुण्याला नाही. मोटार, पाइप दिसला की लांबून वळसा घालावा, केबलला वल्हं लावू नये.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. पहाटे पाणी आरशासारखं, ऊन चढलं की वारा उठतो आणि उघड्या पात्रात लाटा येतात. जाताना वाऱ्याच्या तोंडाला जावं, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी येतो. उलटं केलं तर परतीला हाल. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यात जायचंच नाही. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, त्यात लहान लेकरंही होती. एक जण पोहून काठाला लागला. ती बोट कयाकपेक्षा कितीतरी मोठी होती.

लाइफ जॅकेट होडीत ठेवण्याची वस्तू नव्हे. घालून सगळे पट्टे आवळावेत, मग दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून बघावं. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. कयाक उलटली तर तिला सोडायचं नाही. ती तरंगते आणि लांबून दिसते. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटणारेच दमून बुडतात. काठापासून तीस-चाळीस मीटरच्या पुढे नवख्याने जाऊ नये आणि एकट्याने तर नाहीच.

जलाशय जलसंपदा विभागाचा. स्वतःची कयाक न्यायची असेल तर आधी तिथल्या कार्यालयात परवानगीचं विचारावं, आणि ओळखीचा मच्छीमार गाठून त्या आठवड्यात पाणी कुठवर आहे, जाळी कुठे लावलीत, तेही विचारून घ्यावं. निघायचं तर खर्ड्यातून रात्री तीनलाच, म्हणजे उजाडता उजाडता पाण्यात उतरता येतं नि वारा उठायच्या आत बाहेर.