कयाकिंगचा धंदा करायचाय? आधी सामान कुठे राहणार ते ठरवा!

शनिवार-रविवारी सात-आठ जणांना कयाकिंगला न्यायचं आणि त्यातून जोडधंदा उभा करायचा, असा विचार बोरिवली-मुलुंडकडची बरीच तरुण मंडळी हल्ली करताहेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "सर, कयाक कोणती घेऊ?" माझा उलटा प्रश्न असतो, ती ठेवणार कुठे आणि पाण्यापर्यंत नेणार कशी? याचं उत्तर मिळालं की कोणती घ्यायची ते आपोआप ठरतं.

मापं बघा. एका माणसाची कडक प्लास्टिकची कयाक साधारण १० फूट लांब आणि २० ते २५ किलो वजनाची. दोघांची घेतली तर १२ फुटांच्या आसपास, वजन ३० किलोपर्यंत. अंधेरीच्या वन बीएचकेत एवढी वस्तू वळवतासुद्धा येत नाही. जिन्यात ठेवली तर सोसायटीची नोटीस येणार, आणि ती बरोबरच असेल, कारण आग लागली की लोक त्याच वाटेने उतरतात. टेम्पोचं म्हणाल, तर 'छोटा हत्ती'चा हौदा जेमतेम ७ फुटांचा. १० फुटी कयाक ३ फूट बाहेर येणार आणि वाहतूक पोलीस तुम्हाला बाजूला घेणार. म्हणजे मोठी पिकअप आली, भाडं वाढलं.

आता हिशेब मांडू. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. समजा ६ गिऱ्हाईकं, प्रत्येकी १,००० रुपये. जमा ६,०००. पिकअपचं जाऊन-येऊन भाडं ३,५००, चढ-उतार करायला एक मदतनीस ८००. उरले १,७००. त्यातून चहा-नाश्ता, पाण्यावरच्या माणसाचा पगार, कयाकची झीज. राहिलं काय? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. खाडी त्यांच्या दारात आहे, टेम्पोचा खर्च उभाच राहत नाही. उपनगरातल्या माणसाचं नेमकं इथेच अडतं.

मग मार्ग दोन. पहिला, हवा भरायची कयाक. दोघांची १५ ते १८ किलोची, घडी करून पिशवीत जाते, तीन-चार पिशव्या एका सात सीटर गाडीत मागे मावतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रो बोटीने जायचं तरी तीच गाडी चालते. पण हिचे नखरे आहेत. भर उन्हात पूर्ण फुगवून किनाऱ्यावर सोडली तर आतली हवा तापून शिवण उसवू शकते. ओली घडी केली तर आठवड्यात बुरशी आणि वास. घरी आल्यावर पुन्हा उघडून, पुसून, पंख्याखाली वाळवायचीच. रविवारी रात्री कितीही कंटाळा आला तरी!

दुसरा मार्ग, कडक कयाकच घ्यायची पण घरी आणायचीच नाही. मनोरी, गोराई, मढ भागात ओळख काढा, कोळी कुटुंबाच्या शेडमधली जागा महिन्याच्या भाड्याने घ्या. दोन ओळींचा का होईना, लेखी करार करा. कयाक सपाट जमिनीवर महिनोन्‌महिने ठेवू नका, तळ दबतो. कुशीवर ठेवा, नाहीतर दोन रुंद पट्ट्यांवर टांगा. टोकाच्या हँडलला लटकवलीत तर मधून वाकणार.

वल्ही: स्वस्त दिसतात, पण धंदा अडवतात

दोन तुकड्यांचं वल्हं जोडल्यावर सव्वासात-साडेसात फूट होतं, उघडल्यावर त्याच्या निम्मं. चार तुकड्यांचं तर सॅकमध्ये जातं, लोकलनेही नेता येतं. फक्त गर्दीची वेळ टाळा आणि लगेजचा नियम स्टेशनवर विचारून घ्या. आता मुख्य गोष्ट. खाऱ्या पाण्यातून आल्यावर वल्हं जोडलेलं ठेवायचं नाही. मीठ जोडात सुकतं, वाळूचा कण अडकतो, आणि पुढच्या शनिवारी दोघांनी दोन बाजूंनी ओढलं तरी सुटत नाही. लगेच उघडा, गोड्या पाण्याने जोड आतून-बाहेरून धुवा, तुकडे वेगवेगळे सुकवा. तेल-ग्रीस लावू नका, वाळू त्यालाच चिकटते. एका वल्ह्याच्या तुकड्यांना एकाच रंगाची टेप लावा, कारण वेगळ्या कंपनीचे तुकडे एकमेकांत बसत नाहीत आणि हे किनाऱ्यावर गिऱ्हाइकांसमोरच कळतं. गाडीत पाती सुटी आपटू देऊ नका. जुन्या चादरीत गुंडाळून गठ्ठा बांधा. आणि एक वल्हं जास्तीचं न्याच, पाण्यात हरवणारी पहिली वस्तू तीच.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत मात्र काटकसर अजिबात नको. त्यावर बसायचं नाही, वर पिशव्या रचायच्या नाहीत. आतला फोम दबला की जॅकेट माणसाला उचलून धरत नाही. सावलीत वाळवा, हँगरला टांगा, आणि जागा उंदरांपासून सुरक्षित आहे ना ते बघा. मुंबईच्या गोडाऊनमध्ये उंदीर पट्टे कुरतडतातच. सीझनआधी प्रत्येक जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात पाय उचलून बघा. तरंगवत नसेल तर फेका, दुसऱ्याला विकूही नका.

पावसाळ्यात तुमचं सामान तीन महिने पडून असणार, तेही वर्षातल्या सगळ्यात दमट दिवसांत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा कोळी होड्या ओढून वर घेतात, शाकारतात, जाळी दुरुस्त करतात. आपणही तेच करायचं. मे महिन्यातच एकेक वस्तू धुऊन, कडक सुकवून, नंबर टाकून वहीत उतरवा. ताडपत्री पूर्ण आवळून बांधू नका, आत वारा खेळायला हवा. दर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारा. कोळ्यांना जागेचं भाडं या तीन महिन्यांतही द्यायचं असतं, तेव्हा वर्षाचा खर्च बारा महिन्यांचा आणि कमाई आठ-नऊ महिन्यांची धरूनच दर ठरवा.

परवानग्या, म्हणजे मेरीटाइम बोर्ड आणि २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणातली नोंदणी, यावर वेगळा व्हिडिओ येतोय. तोवर घरातून मोजपट्टी काढा आणि सामानासाठी किती फूट जागा मिळते ते मोजून ठेवा.